मातृभाषेंतील उपासना व आजचा संसार



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हटला, म्हणजे देऊळ केव्हां बांधलें, कोणते धर्मगुरु केव्हां आले, वेदी कोणीं दिली व घंटा कोठून आणिली, या गोष्टींचा उल्लेख प्रथम होतो. आणि तो होणें योग्यच आहे. परंतु देऊळ ज्या प्रार्थनेकरितां बांधलें, ती प्रार्थना कोणत्या भाषेंत होत आली, आणि ती करणाऱ्या माणसाचा दिवस कसा जात आला, याचा विचार सहसा केला जात नाहीं. तो विचार या पुस्तिकेच्या निमित्तानें वाचकांपुढें मांडावा, असें आम्हांस वाटतें.

जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत महोत्सवाच्या वर्षाचा विधि सांगितला आहे. सात वेळां सात वर्षें लोटल्यावर येणाऱ्या पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, दास मोकळे व्हावे, आणि ज्याची वडिलोपार्जित जमीन दुसऱ्याच्या हातीं गेली असेल, त्यानें आपल्या वतनावर परत यावें, अशी ती आज्ञा होती. यावरून असें दिसतें कीं, महोत्सव हा केवळ आनंदाचा दिवस नव्हे. आपलें वतन कोणतें, व तें अजून आपल्या हातीं आहे कीं नाहीं, हें तपासून पाहण्याचाही तो दिवस होय. वसई, ठाणें व मुंबई या भागांतील आम्हां मराठी कॅथलिकांच्या वतनांत शेतवाडीबरोबर आणखी एक वस्तु आहे. ती म्हणजे घरांत दिवेलागणीस मातृभाषेंतून होणारी प्रार्थना. हें वतन आम्हांस कसें लाभलें, कोणकोणत्या प्रसंगांतून तें टिकून राहिलें, आणि आजच्या धांवपळीच्या संसारांत त्याची स्थिति काय आहे, हें आतां क्रमानें पाहूं.

वेदीवरील लॅटिन व घरांतील बोली

पेंटेकॉस्टच्या दिवशीं यरुशलेमांत देशोदेशींच्या यात्रेकरूंस प्रेषितांचें भाषण आपापल्या जन्मभाषेंत ऐकूं आलें, असें प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. ख्रिस्तसभेचा पहिला दिवस हा असा अनेक भाषांचा दिवस होता. पुढें पश्चिमेकडील ख्रिस्तसभेंत लॅटिन ही उपासनेची एकच भाषा रूढ झाली. प्रथम तीच रोमच्या सामान्य लोकांची बोलण्याची भाषा होती, म्हणूनच तिचा स्वीकार झाला. परंतु लोकांच्या बोली बदलत गेल्या आणि वेदीवरील भाषा होती तशीच राहिली. इ. स. १५६२ मध्यें त्रेंत येथील धर्मपरिषदेनें मिस्सा सर्वत्र लोकभाषेंतून व्हावा हें इष्ट नाहीं असें ठरविलें. मात्र त्याच वेळीं, मिस्सांत जें वाचलें जातें त्याचा अर्थ धर्मगुरूंनीं लोकांस वारंवार समजावून द्यावा, अशीही आज्ञा केली. ही दुसरी आज्ञा आमच्या दृष्टीनें फार महत्त्वाची ठरली, कारण तिच्या अनुरोधानें आमच्या भाषेस देवळांत प्रवेश मिळाला.

इ. स. १५३४ च्या डिसेंबर महिन्यांत गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें तह करून वसई, साष्टी व मुंबईचीं बेटें पोर्तुगीजांस दिलीं. त्यानंतर फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन धर्मगुरु या प्रांतीं आले. सांडोर, पापडी, नंदाखाल, रमेदी येथील धर्मग्रामांचा उगम त्याच सोळाव्या शतकांतील आहे. वेदीवर लॅटिन, कचेरींत पोर्तुगीज, आणि बाजारांत, वाडींत व चुलीपाशीं आपली बोली, अशी तेव्हांपासून आमच्या पूर्वजांची तिहेरी राहणी सुरू झाली.

भाषा आली म्हणजे काय साध्य होतें, याचें उदाहरण वसईच्याच एका पुत्रानें घालून दिलें आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईस झाला. लहानपणीं येशूसंघीयांच्या छायेंत वाढलेला हा मुलगा त्यांच्याबरोबर जपानांत गेला, तेथील भाषा शिकला, आणि पुढें व्यापार सोडून मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून दाखल झाला. इ. स. १५९३ मध्यें फ्रान्सिस्कन मंडळी जपानकडे निघाली, तेव्हां जपानी भाषा उत्तम जाणणारा म्हणून यांस दुभाषी नेमून बरोबर घेतलें. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर त्यांना हौतात्म्य लाभलें, आणि इ. स. १८६२ मध्यें पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. परक्या लोकांची भाषा प्रेमानें शिकून तिच्यांतून प्रभूचें नांव सांगणारा हा आमचा संत होय.

फादर स्टीफन्स व ख्रिस्तपुराण

जें गोन्सालो गार्सियांनीं जपानांत केलें, तेंच काम त्या काळीं एक इंग्रज धर्मगुरु गोव्यांत आमच्या भाषेसंबंधानें करीत होता. विल्टशायर परगण्यांतील थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय इ. स. १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यांत गोव्यास उतरले. गोव्याच्या साष्टी प्रांतांत (आमच्या ठाण्याकडील साष्टी निराळी) त्यांनीं जवळजवळ चाळीस वर्षें सेवा केली, व इ. स. १६१९ मध्यें त्यांचा अंत झाला. नवख्रिस्ती लोकांची एक तक्रार त्यांच्या कानीं आली: आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, मग त्यांच्या जागीं आम्हांस वाचावयास व ऐकावयास दुसरें कांहीं कां देत नाहीं? ही तक्रार न्याय्य होती. सायंकाळीं चार माणसें एकत्र बसून पुराण ऐकणें ही या देशांतील लोकांची शेंकडों वर्षांची संवय. ती मोडून जागा रिकामी ठेविली, तर त्या रिकाम्या जागेंत श्रद्धा रुजावी कशी?

या प्रश्नाला उत्तर म्हणून स्टीफन्स यांनीं ख्रिस्तपुराण रचिलें. तें इ. स. १६१६ मध्यें गोव्यांतील रायतूर येथें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यांत जुन्या करारांतील कथा व दुसऱ्यांत प्रभूचें चरित्र आहे. छंद ज्ञानेश्वरांचा व एकनाथांचा; एकनाथ तर स्टीफन्स यांचे समकालीनच होते. ग्रंथाच्या आरंभीं मराठी भाषेचें जें स्तवन आहे, तें मराठी वाङ्मयाच्या कोणत्याही संग्रहांत मानाचें स्थान मिळवितें. हा ग्रंथ येथील लोकांच्या लिपींत छापावा, अशीही फादरांची इच्छा होती. परंतु देवनागरी टाइप पाडण्याचें काम त्या वेळीं जमलें नाहीं, म्हणून तो रोमन लिपींत निघाला. इ. स. १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी ग्रंथ मात्र नाहींसा झाला नाहीं, कारण लोकांनीं हातानें नकला करून तो घरोघर जपला. गोव्याहून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनीं तो बरोबर नेला, आणि इ. स. १९०७ मध्यें मंगळूर येथें जोसेफ साल्ढाना यांनीं तो पुन्हां छापून प्रसिद्ध केला. लंडन येथील मार्सडेन संग्रहांत त्याचें देवनागरी हस्तलिखितही आहे. इ. स. १९५६ मध्यें श्री. शांताराम बंडेलू यांनीं त्याची देवनागरी आवृत्ति काढली, तेव्हां फादर स्टीफन्स यांची ती इच्छा तीनशें चाळीस वर्षांनीं सफळ झाली.

स्टीफन्स यांचा मार्ग इतरांनींही अनुसरला. फ्रेंच येशूसंघीय एतियेन द ला क्रुवा यांचें प्रेषित पेत्राच्या चरित्रावरील पुराण इ. स. १६२९ मध्यें निघालें. फ्रान्सिस्को व्हाझ द गिमारायश यांचें प्रभूच्या दुःखसहनाचें पुराण इ. स. १६५९ मध्यें लिस्बन येथें छापलें गेलें. त्याची भाषा तर उत्तर कोंकणच्या बोलीस फारच जवळची आहे. वेदीवर लॅटिन असतांही देवळाच्या अंगणांत आणि घराच्या ओटीवर प्रभूची कथा मराठी बोलूं लागली होती.

परंतु सर्वच सत्ताधाऱ्यांस हें रुचलें नाहीं. ता. २७ जून १६८४ रोजीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें हुकूम काढला, कीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीजच बोलावी. हुकूम निघाला, भाषा मात्र गेली नाहीं. आई आपल्या तान्ह्या मुलाशीं कोणत्या भाषेंत बोलते, यावर कोणत्याही व्हाइसरॉयचा पहारा बसूं शकत नाहीं. इतिहासांत ही गोष्ट वारंवार दिसून येते. भाषा हुकुमानें मरत नाहीं. मात्र घरांतील माणसांनीं ती आपण होऊन टाकिली, तर तिला वांचविणारा हुकूमही कोणी काढूं शकत नाहीं.

घंटा गेली, प्रार्थना राहिली

इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज अंमलदार व परदेशी संघांचे धर्मगुरु निघून गेले. किल्ल्यांतील देवळें ओस पडलीं व त्यांच्या घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरांत गोदावरीच्या कांठीं आजही अशी एक घंटा लटकत आहे; तिच्यावर १७२१ हें साल आहे. मोठ्या आवाजाच्या माणसास मराठींत ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. ही म्हण वापरणाऱ्या अनेकांस ठाऊक नसतें कीं, ती घंटा एके काळीं आमच्या पूर्वजांस मिस्साला बोलावीत होती. यांत आम्हांस कोणाविषयीं कटुता धरावयाची नाहीं. ती घंटा आजही प्रार्थनेच्याच स्थळीं आहे, आणि जे आमचे शेजारी तिचा नाद ऐकतात त्यांच्याशीं आमचे संबंध गेलीं कित्येक पिढ्या गोडीचे राहिले आहेत.

विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. राज्य गेलें, आश्रय गेला, मोठीं देवळें गेलीं. तरी वसईचा ख्रिस्ती शेतकरी आपल्या श्रद्धेपासून ढळला नाहीं. यावरून त्याची श्रद्धा राजाश्रयावर उभी होती, हा आक्षेप किती फोल आहे हें दिसतें. आतां ती कशावर उभी होती? तहानें ख्रिस्ती रयतेस आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मुभा राहिली व मोजकीं देवळें चालूं राहिलीं, हें खरें. गोव्याकडील देशी धर्मगुरूंनीं मोठ्या कष्टानें लोकांची सेवा केली, हेंही खरें. परंतु थोडे धर्मगुरु व पसरलेले गांव अशी स्थिति असतां रोजच्या रोज श्रद्धेचा दिवा तेवत ठेवण्याचें काम घरालाच करावें लागलें असलें पाहिजे. आजीनें नातवंडांस क्रुसाची खूण शिकवावी, संध्याकाळीं सर्वांनीं माळेस बसावें, लग्नांत व मयतींत प्रार्थना म्हणावी, ही परंपरा आमच्याकडे वाडवळी, सामवेदी, कोळी अशा निरनिराळ्या बोलींच्या घरांत सारखीच आढळते. ती एका दिवसांत निर्माण झालेली नाहीं.

या परंपरेनें संकटांतही आधार दिला. इ. स. १८९६ मध्यें मुंबईस प्लेगची सांथ आली, तेव्हां गांवठाणांतून व गल्लीगल्लींतून लोकांनीं क्रूस उभारले व त्यांच्यापुढें जमून प्रार्थना केली. वांद्र्यापासून खोताच्या वाडीपर्यंत त्यांतील कित्येक क्रूस आजही उभे आहेत. मे महिन्यांत पवित्र मारियेच्या भक्तीसाठीं वाडींतील लोक क्रुसापाशीं एकत्र जमतात व माळ म्हणतात, ती रीति त्याच वळणाची होय. तेथें धर्मगुरु असलेच पाहिजेत असें नसतें. एक म्हातारी बाई आरंभ करते आणि सगळी आळी तिला साथ देते.

घड्याळाचें राज्य

इ. स. १८६७ मध्यें विरारहून मुंबईकडे गाडी सुरू झाली, आणि आमच्या दिवसाला नवा धनी मिळाला. तोंपर्यंत शेतकऱ्याचा दिवस सूर्यावर व देवळाच्या घंटेवर चाले. सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं ‘आंजेलस’ची, म्हणजे देवदूताच्या संदेशाच्या प्रार्थनेची, घंटा होई, कामकरी माणूस हातांतील कुदळ थांबवून प्रार्थना म्हणे. दुपारच्या घंटेची प्रथा तर पोप तिसरे कॅलिक्स्टस यांच्या इ. स. १४५६ च्या आज्ञेपर्यंत मागें जाते. आगगाडी आल्यावर भाजी, फुलें व केळीं मुंबईच्या बाजारांत पहाटेच पोंचूं लागलीं, आणि घराच्या व्यवहारास घड्याळ लागलें. इ. स. १९३६ मध्यें विरारपर्यंत विजेची गाडी आली. शेतकऱ्याचा मुलगा कारकून झाला, मुलगी शिक्षिका व परिचारिका झाली. संसाराला बरकत आली, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. त्याच गाडीनें सायंकाळची वेळ मात्र हिरावून नेली. दिवेलागणीस सर्व माणसें घरांत असावींत, ही माळेची पहिली अट. तीच पाळणें कठीण झालें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. कामकरी माणसाच्या या अडचणीकडे ख्रिस्तसभेनें कठोर मुद्रेनें पाहिलें नाहीं. पूर्वीं ख्रिस्तप्रसाद घेणारास मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य असे, व मिस्सा सकाळींच होत. इ. स. १९५३ मध्यें पोप बारावे पायस यांनीं पाण्यानें उपवास मोडत नाहीं असें जाहीर केलें, आणि सायंकाळच्या मिस्साला वाट करून दिली. इ. स. १९५७ मध्यें त्यांनींच हा उपवास तीन तासांवर आणिला, व इ. स. १९६४ मध्यें पोप सहावे पॉल यांनीं तो एका तासाचा केला. शनिवारीं सायंकाळच्या मिस्सानें रविवारचें कर्तव्य पूर्ण होतें, हा नियम इ. स. १९८३ च्या धर्मसंहितेनें सर्वत्र लागू केला. गिरणींत रात्रपाळी करणारा, दवाखान्यांत रुग्णांची शुश्रूषा करणारी, गाडीच्या वेळेस बांधलेला नोकरदार, या सर्वांस प्रभूच्या मेजाशीं येतां यावें, हाच या सवलतींचा हेतु. आईनें उशिरां येणाऱ्या मुलासाठीं ताट झांकून ठेवावें, तसें हें आहे. परंतु ताट झांकून ठेविलें आहे म्हणून मुलानें घरींच येऊं नये, असा त्याचा अर्थ कोणी करूं नये.

वेदीवर मराठी

ता. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें उपासनाविधीसंबंधींचें आपलें संविधान जाहीर केलें व लोकभाषांस वेदीवर स्थान दिलें. पुढच्याच वर्षीं, डिसेंबर १९६४ मध्यें, आंतरराष्ट्रीय युखरिस्त महासभेच्या निमित्तानें पोप सहावे पॉल मुंबईस आले. त्यानंतरच्या वर्षांत आमच्या धर्मग्रामांतील मिस्सा क्रमाक्रमानें मराठींतून होऊं लागला. चारशें वर्षें जी भाषा देवळाच्या अंगणांत उभी होती, ती अशा रीतीनें वेदीपर्यंत पोंचली.

त्या वेळीं कित्येक वृद्धांस हुरहुर लागली, व ती समजण्यासारखी होती. लॅटिन शब्दांचा अर्थ ठाऊक नसला, तरी त्यांच्या नादाशीं जन्माच्या आठवणी जोडलेल्या होत्या. शिवाय जगांत कोठेंही गेलें तरी मिस्सा एकच, हा एक मोठा दिलासा होता. परंतु लाभही मोठा झाला. मिस्सा चालूं असतां माळ ओढीत बसणारा प्रापंचिक आतां उत्तर देऊं लागला, गाऊं लागला, वेदीपाशीं उभा राहून पवित्र शास्त्र वाचूं लागला. ज्यांच्या घरांत सामवेदी वा वाडवळी बोलत, त्यांस ग्रंथांतील मराठीची ओळख कित्येकदां देवळांतच झाली. याच वातावरणांतून मराठी लिहिणारी ख्रिस्ती पिढी तयार झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुवार्ता’ मासिकाचें संपादन अनेक वर्षें केलें, बायबल सुबोध मराठींत आणिलें व त्याबद्दल त्यांस साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथील त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्यें ते प्रभुचरणीं विसावले. स्टीफन्स परदेशांतून येऊन मराठी शिकले. दिब्रिटो वसईच्या मातींत मराठींत वाढले. या दोघांच्या मधील चारशें वर्षें म्हणजे आमच्या भाषेनें केलेली यात्राच होय. इ. स. १९९८ मध्यें वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, हाही त्याच यात्रेंतील एक टप्पा.

आजचा प्रश्न

इतकें मिळाल्यावर आतां चिंता कसली, असें कोणी विचारील. चिंता ही, कीं वेदीवर मराठी पोंचली त्याच सुमारास ती घराच्या उंबऱ्यावरून बाहेर पडूं लागली आहे. मुलें इंग्रजी शाळांत जातात. शाळेंत शिकलेली प्रार्थना त्यांस इंग्रजींत येते, आणि आजीची माळ त्यांस अर्धवट समजते. एकाच घरांत आजी व नातू देवाशीं बोलतात, परंतु एकत्र बोलूं शकत नाहींत. ज्या वाड्यांत पूर्वीं पानवेली व केळीं होतीं, तेथें इमारती उठल्या आहेत. शेजारी दहा भाषा बोलणारे आहेत. हातांतील मोबाइल फोन तर सायंकाळ उरूंच देत नाहीं. एका खोलींत चार माणसें बसलेलीं असतात, आणि चौघांची नजर चार ठिकाणीं असते.

या बाबतींत दुसरी बाजूही न्यायानें ऐकली पाहिजे. इंग्रजीनें आमच्या मुलांस पोट दिलें, परदेशीं मान दिला. तिला दोष देणें कृतघ्नपणाचें होईल. परमेश्वराला सर्व भाषा कळतात, हेंही निर्विवाद आहे. ज्यास इंग्रजींतून मनःपूर्वक प्रार्थना करतां येते त्याची प्रार्थना उणी नाहीं. आणि मोबाइल फोन केवळ शत्रूच आहे असें नव्हे. मार्च २०२० मध्यें महामारीनें देवळांचीं दारें बंद झालीं, पास्काचा सणही लोकांनीं घरींच पाळिला. तेव्हां याच यंत्रावर मिस्सा पाहून हजारोंनीं धीर धरला. तरी त्या महिन्यांत एक गोष्ट सर्वांच्या अनुभवास आली. पडद्यावर मिस्सा दिसला, पण ख्रिस्तप्रसाद जिभेवर आला नाहीं, आणि शांतीसाठीं शेजाऱ्याकडे वळावें तर शेजारी नव्हता. उपासना ही पाहण्याची वस्तु नसून एकत्र येऊन करण्याची कृति आहे, हें त्या बंद दारांनीं शिकविलें. त्याच दिवसांत ज्या घरांत माळेची संवय होती त्या घरांस आपलें देऊळ सांपडलें. १७३९ च्या पूर्वजांप्रमाणें त्यांस घंटेची वाट पाहावी लागली नाहीं.

म्हणून प्रश्न इंग्रजी कीं मराठी असा नाहीं. आजी, आई व मूल यांनीं एका आवाजांत देवाला हांक मारावी कीं नाहीं, हा प्रश्न आहे. ज्या भाषेंत माणूस आजारांत कण्हतो, ज्या भाषेंत आई अंगाई म्हणते, त्या भाषेंतील प्रार्थना संकटांत आपोआप ओठांवर येते. ती भाषा बालपणींच ओठांवर ठेवावी लागते. मोठेपणीं ती विकत मिळत नाहीं. नाताळच्या दिवशीं देऊळ भरून जातें, पण वर्षाचे इतर दिवस घर मुकें राहतें, अशी स्थिति झाली, तर पुढच्या महोत्सवाच्या पुस्तिकेंत घंटेचें वजन लिहितां येईल. प्रार्थनेविषयीं लिहावयास कांहीं उरणार नाहीं.

महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येकानें आपल्या वतनावर परत यावें, असें शास्त्र सांगतें. आम्ही तीन लहान गोष्टी सुचवितों. पहिली, रात्रीं जेवणापूर्वीं अथवा जेवणानंतर, जितकीं माणसें घरांत असतील तितक्यांनीं माळेचें निदान एक दशक मराठींत म्हणावें. गाडीनें उशिरां येणारा आला तर त्याच्यासाठीं शेवटची ‘नमो मारिया’ राखून ठेवावी. दुसरी, शनिवारीं रात्रीं घरांतील सर्वांत लहान वाचणाऱ्या मुलानें रविवारचें शुभवर्तमान मराठींत मोठ्यानें वाचावें. तें अडखळेल, अडखळूं द्यावें. आजीनें शब्द सांगावा, नातवानें पुढें वाचावें. तिसरी, वाडींतील वृद्ध स्त्रियांस ज्या प्रार्थना, जीं गीतें व जीं लग्नांतील गाणीं मुखोद्गत आहेत, तीं तरुणांनीं याच मोबाइल फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावींत. ज्या काळीं छापील प्रती नाहींशा झाल्या, त्या काळीं लोकांनीं बोरूनें नकला करून ख्रिस्तपुराण वांचविलें. आजच्या तरुणांच्या हातीं बोरूहून कितीतरी समर्थ साधन आहे. तें हातीं असतां आजीचे शब्द तिच्याबरोबर मातींत जाऊं देणें बरें नव्हे.

पूर्वजांनीं आम्हांस राज्य दिलें नाहीं, मोठें धन दिलें नाहीं. त्यांनीं एक वाडी दिली, एक क्रूस दिला, आणि त्या क्रुसापुढें म्हणावयाचे शब्द दिले. वाडी कित्येकांच्या हातून गेली. क्रूस रस्त्याच्या कडेस अजून उभा आहे. शब्द मात्र आम्हां प्रत्येकाच्या स्वाधीन आहेत. ते आमच्या मुलांच्या मुखीं राहोत, त्यांच्या घरांत दिवेलागणीस एकत्र आवाज उठो, आणि संत गोन्सालो गार्सिया यांच्या मध्यस्थीनें या धर्मग्रामावर परमेश्वराची कृपा अखंड राहो, हीच या महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं आमची नम्र प्रार्थना आहे.